भाताला खत किती? पोत्यापासून नको, गुंठ्यापासून मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही भांडुपला राहता, शेत मुरबाड तालुक्यात. सातबाऱ्यावर ४० गुंठे. आजवर काका बघत होते, त्यांचे गुडघे गेल्यामुळे यंदा सगळं तुमच्या अंगावर आलंय. वरच्या खाचरांत कर्जत-३ ही सुधारित जात लावणार, खालच्या पाणथळ खाचरांत घरचा कोलम. राब, म्हणजे रोपवाटिका, ८ जूनला पेरून झालाय. दोन बैलगाड्या शेणखत पडलंय. गेल्या वर्षी काकांनी तीन पोती युरिया टाकला आणि भात लोळलं, सगळ्यात आधी गोठ्याजवळचं. आता दुकानदार म्हणतो एक पोतं सुफला (मिश्रखत) आणि दोन युरिया न्या, मोबाइलवर तुम्ही १००:५०:५० असं वाचलंत, आणि तुम्हाला एवढंच हवंय की शनिवारी जाताना किती पोती घ्यायची.

पोत्यांचा आकडा मी देणार आहे. पण तो एका ओळीत देऊन मोकळी झाले, तर पुढच्या वर्षी जात बदलली किंवा शेणखत नसलं की तुम्ही पुन्हा दुकानदाराच्या तोंडाकडे बघाल. म्हणून हिशेब कसा बसतो ते सांगते. मी २८ वर्षं भाताच्या प्रयोगांवर आणि शेतकऱ्यांच्या बांधावर काम केलंय. आता मुलुंडला असते, आणि पावसाळ्यात बहुतेक शनिवारी ठाण्याहून कर्जत लोकल पकडून माझ्या स्वतःच्या २२ गुंठ्यांवर जाते. तुमची अडचण मला आतून माहीत आहे.

सुरुवात क्षेत्रापासून. सातबाऱ्यावरचे ४० गुंठे आणि भात लागतं ते क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी. मी विचारल्यावर तुम्ही काकांच्या नातवाला घेऊन मोजणी केलीत हे फार बरं झालं. बांध, खळं, गोठा, आंब्याखालची जागा वगळून आवण, म्हणजे भाताची लावणी, होते ती फक्त ३२ गुंठ्यांवर: वर २०, खाली १२. आता गेल्या वर्षीचा हिशेब करून बघा. युरियाचं पोतं ४५ किलोचं, २०१८ पासून. त्याआधी ५० किलोचं होतं, आणि बऱ्याच जुन्या माणसांच्या डोक्यात अजून तेच आहे. युरियात नत्र, म्हणजे नायट्रोजन, ४६ टक्के. तीन पोती म्हणजे १३५ किलो युरिया, त्यातून ६२ किलो नत्र. ते पडलं ३२ गुंठ्यांवर, म्हणजे हेक्टरी १९४ किलो. शिफारस १०० ची, आणि कोलमाला तर तेवढंही झेपत नाही. काकांचा हात सैल नव्हता. ते ४० गुंठे धरून चालले होते आणि पोत्यांनी मोजत होते, इतकंच.

आता १००:५०:५० बद्दल. हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फरस), ५० किलो पालाश (पोटॅश), असा त्याचा अर्थ. सुधारित भातजातींसाठी आपल्याकडे साधारण हाच आकडा सांगतात. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे, म्हणून हेक्टरी आकड्याला १०० ने भागलं की गुंठ्याचा आकडा मिळतो: गुंठ्याला १ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, अर्धा किलो पालाश. हे एवढं डोक्यात बसलं की एकर, हेक्टर, आर हा सगळा गोंधळ संपतो. कोकणातली खाचरं दोन-तीन गुंठ्यांची असतात, एकराचा आकडा घेऊन त्यात उतरता येत नाही.

पण ही शिफारस सरासरी जमिनीसाठी, सरासरी पिकासाठी आहे. तुमचं खाचर सरासरी आहे का, हे तपासायला मी वापरते ती रीत अशी.

स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. युरियाचा एक दाणाही न टाकता या खाचरात किती भात पिकेल? आणि चांगली काळजी घेतली तर ही जात इथे किती देईल? या दोन्हींतला फरक खताने भरून काढायचा असतो. जमीन स्वतः बरंच नत्र देते. मातीतला पाला, मुळं, शेण कुजतं त्यातून, पाण्यातल्या शेवाळातून, थोडं पावसातूनही. खताने भागवायचं ते फक्त उरलेलं. बहुतेक लोक सगळ्या पिकाचं नत्र पोत्यातून द्यायला जातात, चूक तिथे होते.

तुमच्या वरच्या खाचरांत, काका सांगतात त्यावरून, बिनखताचं भात गुंठ्याला २५ किलोच्या आसपास येत असावं. कर्जत-३ व्यवस्थित लावलं, तण काढलं, तर ४० किलो धरायला हरकत नाही. फरक १५ किलो. एक किलो नत्र नीट वेळेवर दिलं तर त्यातून १५ ते २० किलो भात वाढतं. वाहून गेलं, उडून गेलं, तर १० सुद्धा वाढत नाही. म्हणजे गुंठ्याला पाऊण ते एक किलो नत्र पुरे. शिफारशीशी हे जुळलं, म्हणून वरच्या २० गुंठ्यांसाठी १ किलोचा आकडा मी मान्य करते.

कोलमाचं गणित वेगळं येतं. उंच वाढणारी जात, कांडी नाजूक, दाणा बारीक. तिच्याकडून ४० किलोची अपेक्षा ठेवणंच चूक. २८ किलो मिळाले तर उत्तम. बिनखताचे २० धरले तर फरक ८ किलोचा, म्हणजे अर्धा किलो नत्र. त्याहून जास्त दिलं तर दाणा वाढत नाही, नुसती पानं आणि उंची वाढते. मग सप्टेंबरातला एक जोराचा पाऊस आला की लोंबीच्या वजनाने सगळं खाली. शिवाय गर्द हिरव्या, दाट भातात करपा येतो, तुडतुडे बसतात. म्हणजे आधी जास्तीच्या युरियाचे पैसे गेले, मग औषधाचे.

खालच्या खाचरांतले गोठ्याजवळचे तीन गुंठे तुम्ही वेगळे सांगितलेत, ही तुमच्या पूर्ण प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ. गोठ्याचं मूत्र आणि शेणाचं पाणी पावसाबरोबर तिथे उतरतं. तिथला मातीतला साठा काकांना माहीत नसेल, पण भाताला माहीत होता, म्हणून ते आधी लोळलं. त्या तीन गुंठ्यांत यंदा काहीही टाकू नका. पानं पिवळी पडली तर ऑगस्टमध्ये बघू. मला वाटतं पडणार नाहीत.

आता शेणखत. दोन गाड्या म्हणजे साधारण एक टन धरू. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, टनाला ५ किलो. पण पहिल्या हंगामात त्यातलं एक तृतीयांशाच्या आसपासच पिकाला लागू पडतं, बाकी पुढच्या वर्षांसाठी राहतं. म्हणून २ किलो वजा. ते सगळं वरच्या खाचरांत घाला.

बेरीज करू. वर २० किलो, वजा २, राहिले १८. खाली गोठ्याजवळची तीन सोडून ९ गुंठे, अर्ध्या किलोने साडेचार. एकूण साडेबावीस किलो नत्र. गेल्या वर्षी पडलं होतं ६२.

स्फुरद आणि पालाश यावर मी नत्राइतका वेळ घालवणार नाही, कारण तिथे चूक झाली तरी पीक लोळत नाही. वरच्या २० गुंठ्यांना अर्ध्या किलोने १०, खालच्या ९ ना पाव किलोपेक्षा थोडं जास्त, म्हणजे अडीच. साडेबारा किलो स्फुरद, तेवढाच पालाश. मात्र एक लक्षात ठेवा: भाताने घेतलेलं बरंचसं पालाश पेंढ्यात असतं, दाण्यात थोडंच. तुम्ही पेंढा गाडीत भरून विकत असाल तर दरवर्षी पालाश शेताबाहेर जातंय. गुरांनी खाऊन शेण परत शेतात येत असेल तर तेवढी काळजी नाही. स्फुरदाचं म्हणाल तर तुमच्याकडची काळसर माती त्याबाबत बरी. दक्षिण कोकणातल्या तांबड्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात, तिथे मी हा आकडा कमी करायला कधीच सांगत नाही.

तर पोती. १०:२६:२६ चं एक पोतं, ५० किलो: त्यात ५ किलो नत्र, १३ स्फुरद, १३ पालाश. स्फुरद-पालाश दोन्ही भागले. नत्र राहिलं साडेसतरा किलो. त्याला ४६ टक्क्यांनी भागलं की युरिया येतो ३८ किलो. म्हणजे एक पोतं युरिया, त्यातून ७ किलो शिल्लक. शनिवारी घ्यायचं ते एवढंच: एक १०:२६:२६, एक युरिया.

दुकानदाराचा सुफला वाईट नाही. आपल्याच ट्रॉम्बेच्या आरसीएफचं १५:१५:१५ आहे ते, चेंबूरच्या पलीकडे बनतं. पण त्यात तिन्ही अन्नद्रव्यं सारखी, त्यामुळे साडेबारा किलो स्फुरदासाठी ८३ किलो सुफला लागेल. १०:२६:२६ मिळालंच नाही तर दोन पोती सुफला घ्या, त्यातलं ८३ किलो वापरा आणि युरिया फक्त २२ किलो. दोन पोती युरिया तुम्हाला कोणत्याच हिशेबात लागत नाही. युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, स्वस्त पडतं, म्हणून हात सैल सुटतो. खरेदीला आधार कार्ड सोबत ठेवा, मशीनवर अंगठा लागतो.

आता अवघड भाग. किती घालायचं हे कागदावर ठरतं. पिकाला त्यातलं किती मिळतं हे कधी आणि कसं घालता त्यावर ठरतं. आणि आपण मुंबईकर तिथेच मार खातो. आपल्या खताची तारीख पीक ठरवत नाही, आपली सुट्टी ठरवते. शनिवारी पोहोचलो, पाऊस कोसळतोय, रविवारी परतायचंय, मग टाकून देतो.

मी हे केलेलं आहे. शेत घेतल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, जुलैच्या एका शनिवारी, आभाळ काळं दिसत असताना मी वरच्या खाचरात दुसरा हप्ता फेकला, कारण पुढचे दोन आठवडे मला यायला जमणार नव्हतं. रात्री धो धो पाऊस लागला. पहाटे बांधाचं तोंड फुटलं होतं. पंधरा दिवसांनी गेले तर माझं भात फिकट पिवळसर, आणि खालच्या शेजाऱ्याचं खाचर माझ्या बांधाला लागून एका पट्ट्यात काळंभोर हिरवं. माझा युरिया नेमका कुठून कसा गेला ते त्या पट्ट्यावरून बोटाने दाखवता येत होतं. इतक्या वर्षांचं काम पाठीशी असून मी सुट्टीच्या सोयीने खत टाकलं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या शेजाऱ्याचं भात पुढे लोळलं, ते वेगळंच.

युरिया वाया जाण्याच्या वाटा समजून घ्या, मग नियम पाठ करावे लागत नाहीत. एक वाट ही, पाण्याबरोबर वाहून जाण्याची. दुसरी हवेत उडून जाण्याची: साचलेल्या पाण्यात टाकलेल्या युरियाचा अमोनिया होतो, आणि उन्हाच्या वेळी पाण्यातल्या शेवाळामुळे पाणी अल्कधर्मी झालं की तो वायू होऊन निघून जातो. तिसरी वाट दिसत नाही. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थराला हवा मिळते, तिथे नत्राचं नायट्रेट होतं, ते खाली झिरपलं की बिनहवेच्या चिखलातले जिवाणू त्याचा नुसता वायू करून टाकतात. खाचर कोरडं पडून पुन्हा भरत राहिलं की ही गळती जास्त.

म्हणून: पाऊस उघडलेला असताना टाका. आधी खाचरातलं पाणी काढून पातळ करा, बोटभरही नको. मग युरिया फेका, दुपारचं ऊन टाळून. शक्य असेल तर युरिया ओलसर मातीत कालवून एक रात्र ठेवा आणि ती माती फेका. कोळपं किंवा हाताने तण काढणं त्याच दिवशी ठेवलंत तर खत चिखलात मिसळतं. मग बांधाची तोंडं दोन-तीन दिवस घट्ट बंद. आता मिळणारा युरिया कडुनिंबाच्या लेपाचाच असतो, वेगळी पेंड चोळायची गरज नाही.

हप्ते कसे? वरच्या २० गुंठ्यांना चिखलणीच्या वेळी १०:२६:२६ चे ४० किलो आणि सोबत ७ किलो युरिया. दुसऱ्या हप्त्याला साडेपंधरा किलो युरिया, तिसऱ्याला ८ किलोपेक्षा थोडा कमी. खालच्या ९ गुंठ्यांना चिखलणीत १०:२६:२६ चे उरलेले १० किलो, दुसऱ्या हप्त्याला सव्वाचार किलो युरिया, तिसऱ्याला सव्वातीन.

फेकताना मोजायची सोपी युक्ती सांगते. एक लिटरचा डबा घ्या, तेलाचा चालेल, कोरडा केलेला. त्यात युरिया काठोकाठ भरून घरच्या काट्यावर ठेवा. साधारण ७५० ते ७८० ग्रॅम भरेल. दुसऱ्या हप्त्यात वरच्या खाचरांना गुंठ्याला ७८० ग्रॅम द्यायचंय. म्हणजे एका गुंठ्याला एक डबा. दोन गुंठ्यांचं खाचर असेल तर दोन डबे घमेल्यात काढा, त्यातलं निम्मं उभं चालत फेका, निम्मं आडवं. घमेलं संपलं म्हणजे खाचर संपलं. पोत्यात हात घालून फेकत गेलं की पहिल्या खाचराला दुप्पट आणि शेवटच्याला चिमूटभर, हे मी शेकडो शेतांवर पाहिलंय, आणि नंतर त्या पट्ट्या पानांच्या रंगावर वाचता येतात.

तारखांबद्दल. 'लावणीनंतर इतक्या दिवसांनी' असा एकच आकडा सगळ्या जातींना लावू नका. उलटं मोजा. लोंबीचा अंकुर धरल्यापासून कापणीपर्यंत साधारण ६५ दिवस लागतात: ३० ते ३५ दिवस लोंबी बाहेर पडायला, पुढे ३० दिवस दाणा भरायला. हळव्या (लवकर येणाऱ्या) जातीत हे ६५ दिवस तेवढेच, गरव्या (उशिरा येणाऱ्या) जातीतही तेवढेच. फरक पडतो तो त्याआधीच्या काळात. तुमचं कर्जत-३ हळवं, ८ जूनला पेरलेलं, ११५ दिवस धरले तर ऑक्टोबर लागताच कापणीला. ६५ दिवस मागे गेलं की येते २८ जुलै. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात आवणी, १८-२० जुलैला फुटव्यांचा, म्हणजे दुसरा हप्ता आणि महिनाअखेरीस लगेच तिसरा. लोक हळव्या भाताला शेवटचा युरिया ऑगस्ट संपताना टाकतात, तोवर दाण्यांची संख्या ठरून गेलेली असते. कोलमाला १४० दिवस धरले तर हीच वेळ २२ ऑगस्टच्या आसपास येते.

तारीख अंदाज देते, खात्री पीक देतं. एक जोमदार चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका, निवडा, त्यातला सगळ्यात जाड मुख्य फुटवा मुळाशी कापा. पानं सोलून ब्लेडने कांडी उभी चिरा, बुंध्याकडून वर. सगळ्यात वरच्या पेराच्या टोकाला एक-दोन मिलिमीटरचा पांढरा, पिसासारखा मऊ कोंब दिसला की लोंबीचा अंकुर धरला. पहिल्या वेळी दिसणार नाही, तीन-चार फुटवे चिरावे लागतील. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. एकदा दिसला की आयुष्यभर ओळखता येतो. त्या आठवड्यात शेवटचा हप्ता.

तो हप्ता द्यायचाच का, हेही पिकाला विचारा. पानांच्या रंगाची पट्टी मिळते, हिरव्या छटांची. सकाळी ८ ते १० च्या दरम्यान दहा वेगवेगळ्या चुडांचं सगळ्यात वरचं, पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर ठेवायचं, स्वतःच्या सावलीत, उन्हात नाही. सुधारित जातीसाठी दहांतली सहा पानं चौथ्या छटेपेक्षा फिकी असतील तर हप्ता द्यायचा. गर्द असतील तर पुढे ढकलायचा. तुमच्याकडे काकांचा नातू गावातच आहे. त्याला पट्टी द्या, दर दहा दिवसांनी सकाळचा फोटो मागवा. तुम्ही भांडुपच्या ऑफिसगर्दीत असतानाही शेत तुमच्या डोळ्यांसमोर राहील.

दर हप्त्याला जाणं खरोखर जमणार नसेल तर युरिया-डीएपीच्या (डीएपी म्हणजे नत्र-स्फुरदाचं खत) ब्रिकेट्सचा, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांचा, विचार करा. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतलं हे एक सूत्र. २.७ ग्रॅमची एक गोळी, चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची, आवणीनंतर लगेच. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. खोल गेलेलं नत्र बिनहवेच्या चिखलात अमोनियम म्हणूनच टिकतं, हळूहळू मुळांना मिळतं. वर सांगितलेल्या तिन्ही वाटा जवळजवळ बंद. हेक्टरी १७० किलो गोळ्यांतून नत्र ६० किलोच्या आतच जातं आणि तरी पीक चांगलं येतं, ते यामुळे. एकदा दाबलं की पुढे युरियासाठी यावं लागत नाही. मी माझ्या निम्म्या शेतात हेच करते. पण दोन अटी. आवणी १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून ओळींत दोरी धरून झाली पाहिजे, नाहीतर चार चुडांचा मध्यच सापडत नाही. आणि गोळ्या दाबायला दिवसभर वाकणारी माणसं हवीत. तुमच्याकडे यंदा ओळीत आवणी होणार आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होणार नसेल तर यंदा वरचेच तीन हप्ते ठेवा. गोळ्या घेतल्यात तर त्या खाचरांना नंतर युरिया नको, आणि पालाश वेगळं द्या.

बांधावर उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, असेल तर चिखलणीआधी तिचा कोवळा पाला गुंठ्याला ३० किलोपर्यंत गाडा. तेवढा गाडलात तर दुसऱ्या हप्त्यातून गुंठ्याला पाव डबा युरिया कमी करता येतो. नसेल तर यंदा पावसात फांद्या लावून ठेवा, सहज जगतात.

माती तपासणीचं मी आत्ता काही बोलले नाही, कारण आता चिखल होणार, नमुन्याची वेळ गेली. पुढच्या मे महिन्यात, कोरड्या जमिनीत, वरची आणि खालची खाचरं वेगळी धरून, प्रत्येकाच्या आठ-दहा जागांवरून १५-२० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या. बांधालगतची, शेणखताच्या ढिगाखालची, राब भाजलेली जागा टाळा. अहवालात स्फुरद किंवा पालाश कमी आलं तर वरचा आकडा पाव हिश्श्याने वाढवायचा, भरपूर आलं तर तेवढाच कमी. नत्रासाठी मात्र माझा जास्त विश्वास दुसऱ्या एका गोष्टीवर आहे, आणि ती तुम्ही यंदाच कराच.

वरच्या एका खाचराच्या कोपऱ्यात अर्धा गुंठा काठ्या रोवून वेगळा ठेवा, छोटा मातीचा वरंबा घालून. तिथे स्फुरद-पालाश द्या, पण नत्र नाही. १०:२६:२६ मध्ये नत्र असतं, म्हणून त्या तुकड्याला सिंगल सुपर (नुसत्या स्फुरदाचं खत) दीड किलो आणि म्युरेट (नुसत्या पालाशचं) ४०० ग्रॅम, सुटं मागून आणा. शेणखत मात्र इतर शेतासारखंच पडू दे. कापणीला त्या तुकड्याचं भात वेगळं झोडा, वाळवा, तोला. शेजारचा खत दिलेला अर्धा गुंठाही तसाच तोला. मी वर '२५ किलो' आणि '४० किलो' हे आकडे काकांच्या बोलण्यावरून धरलेत. तुमचे खरे आकडे त्या दोन वजनांतून निघतील. बिनखताचा अर्धा गुंठा १२-१३ किलो देतो की १७, यावर पुढच्या वर्षीचं पोतं ठरेल. १७ आले तर तुमच्या जमिनीला एक किलो नत्राची गरजच नाही, अर्ध्यावर भागेल. मला ते दोन आकडे इथे नक्की कळवा, मी तुमच्यासोबत पुढचा हिशेब मांडीन.

शेवटी उरलेल्या ७ किलो युरियाबद्दल, कारण तुमच्याकडे गोठा आहे. तो पोत्यासकट गोठ्यात किंवा पडवीत टेकवून ठेवू नका. मिठासारखा दिसतो, गुरं चाटतात, आणि थोडासाही जास्त पोटात गेला तर जनावर फुगतं, थरथरतं, तासाभरात दगावू शकतं. ज्या बादलीत युरिया कालवला ती बादली गुरांच्या पाण्याला परत वापरू नका, आणि खत टाकलेल्या खाचरातलं पाणी दोन-तीन दिवस गुरांना पिऊ देऊ नका. उरलेला युरिया झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करून माळ्यावर ठेवा, वर खडूने 'खत' लिहा, आणि पुढच्या जूनमध्ये राबाच्या रोपांना गुंठ्याला अर्धा किलोच्या हिशेबाने वापरा.